साठ नळ्या पुन्हा एकदा

बाईंची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. मी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात नुकताच लागलो होतो. एके दिवशी दार न ठोठावता एक बाई माझ्या खोलीत शिरल्या. अंगात इस्पितळाचा पांढरा डगला, त्यावर जांभळ्या रंगाचे डाग, हातात शंभर पानी वही.

"शक्यता मोजणारे ते तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"मग हे मोजून द्या. एकाच घराण्यातली अकरा मुलं. पाच ते आठ या वयात चालता चालता पडायला लागली. हा योगायोग असेल, याची शक्यता किती?"

मी वही चाळली आणि नव्या नोकरीच्या तोऱ्यात म्हणालो, "प्रश्नच चुकीचा विचारलाय तुम्ही."

"असं? मग बरोबर प्रश्न कोणता ते सांगा. मी बसते."

आणि त्या खरोखरच खुर्ची ओढून बसल्या. पुढे सत्तावीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. सगळं इस्पितळ त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. मला त्यांनी त्याच दिवशी 'गणितराव' करून टाकलं आणि ते नाव पुढे माझ्या बायकोनेही उचललं.

बाई तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या आणि शास्त्रज्ञ वगैरे कोणी नव्हत्या. इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या भिंतीला लागून गुणसूत्रांची खोली होती. तिथल्या त्या तंत्रज्ञ. वडील लवकर गेले, आई घरी बसून शर्ट शिवायची, तेव्हा पदवी हातात पडल्या पडल्या मिळेल ती नोकरी धरली होती. काम असं: रक्तातल्या पेशी वाढवायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा, मग नखं कापायच्या कात्रीने फोटोतलं एकेक गुणसूत्र कापून जोडीला जोडी लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. तेवीस जोड्या जुळल्या की खाली लिहायचं, 'सामान्य', आणि कागद वर पाठवायचा. भिंतीपलीकडच्या वाफेमुळे ती खोली वर्षभर उबदार असायची. "पेशींना ते मानवतं," बाई म्हणायच्या, "आणि वरच्या साहेबांना मानवत नाही, म्हणून तर खोली माझ्याकडे राहिली."

एका सात वर्षांच्या मुलीचा पुठ्ठा असाच 'सामान्य' निघाला. मुलगी दोन वर्षांपूर्वीपर्यंत अंगणभर पळायची, म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. मग एक साधा ताप आला आणि तापानंतर ती पडायला लागली. दुसऱ्या तापानंतर बोलणं जड झालं, तिसऱ्यानंतर हात कापायला लागले. मज्जाविकारांचे मोठे डॉक्टर तपासून थकले होते. बाईंनी त्या दिवशी कागद शिपायाकडे दिला नाही, स्वतः घेऊन वर गेल्या. खाटेशेजारी भिंगरीच्या आजोबांची बहीण बसली होती. सगळं घर तिला आत्या म्हणायचं, म्हणून बाईही आत्याच म्हणाल्या.

"आत्या, घरात आणखी कुणाला असं झालंय का?"

आत्यांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इतक्या दिवसांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बोटांवर मावणार नाही. वही आणा."

तीच ती वही.

हे घराणं नदीपलीकडे दोरखंड वळायचं. दोर वळायला लांब जागा लागते, म्हणून त्यांच्या छपऱ्या दोनशे पावलं लांब होत्या. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला माणूस, मधे हवेत पीळ खात जाणारे धागे. धंदा घरात राहावा म्हणून लग्नंही बहुतेक नात्यातच व्हायची. बाई दर सुट्टीच्या दिवशी तिथे जायला लागल्या. वही पुरेना, तेव्हा मी आमच्या विभागातून संगणकाच्या कागदाचा अख्खा गठ्ठा दिला, आणि त्यावर बाईंनी वंशावळ काढली: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी असेल तर आत काळं. एका रविवारी तो कागद छपरीत जमिनीवर उलगडला आणि सगळं घराणं त्याच्या कडेकडेने चालत निघालं. कोणी म्हणे, हा चौकोन माझा थोरला काका, तो लहानपणी गेला, त्याला काळं करा. कोणी म्हणे, ही दोन वर्तुळं जुळ्या बहिणी, तुम्ही एकच काढलंय. एका आजोबांनी स्वतःचा चौकोन शोधला, नीट पाहिला आणि विचारलं, "माझा इतका लहान का?" संध्याकाळपर्यंत एकशे ब्याण्णव माणसं कागदावर आली. अकराच्या ऐवजी सतरा काळी निघाली. सतराच्या सतरांचे आईवडील चांगले धडधाकट आणि एकमेकांच्या नात्यातले होते.

बरोबर प्रश्न कोणता, ते मला तिथे उभं राहून कळलं. एक जनुक बिघडलेला होता. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, तरच मूल आजारी पडत होतं. तो जनुक कुठल्या गुणसूत्रावर, कुठल्या कोपऱ्यात आहे, हे शोधायचं.

मोठ्या डॉक्टरांना हे आवडलं नाही. "बाई, तुम्ही तंत्रज्ञ आहात. संशोधन करायला पदवी लागते," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. नियम सांगावा तसं सांगितलं. बाईंनीही नियम ऐकावा तसं ऐकलं आणि तेहेतिसाव्या वर्षी संशोधनासाठी नाव घातलं. दिवसा तळघरातलं काम सुटलं नव्हतं. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, या वयात लोक मुलांचा अभ्यास घेतात." बाई म्हणाल्या, "मीही सतरा मुलांचाच घेतेय."

आता रक्त हवं होतं. छपरीत बाई सुया मांडून बसल्या तेव्हा एकही माणूस पुढे येईना. शेवटी आत्यांनी बाही वर केली. "माझ्यापासून सुरू करा. माझ्यात काढण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण जे आहे ते चांगलं आहे." त्यांच्यामागे साठ जण आले. एकसष्ट नळ्या. बाईंनी प्रत्येक नळीवर स्वतःच्या हाताने क्रमांक घातला.

पुढची तीन वर्षं काम एकाच साच्यातलं. गुणसूत्रांवर ठरावीक अंतरावर काही खुणा असतात. त्या माणसागणिक वेगळ्या असतात आणि आईबापांकडून मुलांकडे येतात. आजारी मुलांमध्ये कुठली खूण हटकून दोन्ही बाजूंनी एकच येते, ते पाहायचं. बाई खुणा वाचायच्या, मी आकडे चालवायचो. दहाव्या गुणसूत्रावर एका जागी आकडा हळूहळू चढायला लागला. आणि मग सगळंच अडलं.

आत्यांच्या भावाचा मोठा मुलगा, घरातला थोरला, चांगला चाळिशीतला निरोगी माणूस. त्याच्या खुणा आईबापांशी जुळेनात. दर थोड्या खुणांमागे एक अशी निघायची जी आईकडेही नव्हती आणि बापाकडेही नव्हती. बाईंनी त्याचं रक्त पुन्हा घेतलं. तेच.

इस्पितळाच्या संशोधन समितीपुढे हे ठेवावं लागलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "नळ्यांची अदलाबदल झाली असणार. एक चुकली म्हणजे बाकीच्यांची खात्री कोण देणार? तीन वर्षांचं काम बाद धरा."

बाईंनी आपले कागद गोळा केले. त्या रविवारी छपरीत गेल्या, आत्यांच्या शेजारी बसल्या. त्या दोघींमध्ये काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही आत्यांकडून. आत्या पीळ घालत होत्या. बाई म्हणाल्या, "आमचं एके ठिकाणी जमत नाहीये. कुठे ते मी बोलणार नाही. वहीत तुम्हाला काही बदलायचं असेल तर तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तरी मी दर रविवारी येणारच."

आत्यांचे हात थांबले नाहीत. हातातला पीळ पुरा करून त्या म्हणाल्या, "थोरला माझा आहे. लग्न व्हायचं होतं, तो माणूस बाहेरगावचा होता, परत आला नाही. वहिनीला तोवर मूल नव्हतं. तिने ओटीत घेतलं. आजवर हे तिच्या ओठांवर आलं नाही."

"बरं."

"हे कागदावर येईल?"

"नाही."

"तुम्हाला त्याचा त्रास होईल?"

"थोडा होईल. माझा मी बघते."

दुसऱ्या दिवशी समितीला बाईंनी सांगितलं की नळ्या बरोबर आहेत, आणि बरोबर का आहेत ते त्या सांगणार नाहीत. अध्यक्षांनी चष्मा काढला. "असं चालत नसतं."

"मग असं करा," बाई म्हणाल्या. "तो एक माणूस मी काढून टाकते. उरलेल्या साठांचं रक्त पुन्हा घेते. नळ्यांवर क्रमांक तुमच्या समितीने घालावेत आणि यादी तुमच्या कपाटात ठेवावी. कुठली नळी कोणाची, हे मला कळणार नाही. सगळ्या खुणा मी पुन्हा वाचते. जुन्या वाचनाशी तुम्हीच ताडून पाहा. एकही चुकली तर सगळं बाद."

मला त्यांनी एवढंच सांगितलं, "गणितराव, थोरल्यांना हिशेबातून काढा. का ते विचारू नका." मी विचारलं नाही. पण आत्यांचे आकडेही माझ्याचकडे होते. मी ते शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत, असं म्हणालो तर ते खोटं होईल. पाहिले, कागद घडी करून फाडला आणि बाईंना कधी कळू दिलं नाही. त्यांना कळलं असणारच.

साठ माणसांचं रक्त, सगळ्या खुणा, पुन्हा पहिल्यापासून. आठ महिने लागले. एका वाक्यात सुटलं असतं ते वाक्य न बोलण्यासाठी आठ महिने. या काळात बाई चिडल्याचं मला एकदाच आठवतं, ते धुलाईखान्याच्या नळाला पाणी नव्हतं तेव्हा. शेवटी समितीच्या खोलीत अध्यक्षांनी कपाटातून यादी काढली आणि एकेक नळी ताडून पाहायला घेतली. पहिल्या दहांपर्यंत ते मोठ्याने वाचत होते. तिसावीपर्यंत खुर्चीत पुढे सरकले होते. साठावीवर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "एवढी वर्षं इथे आहे, असं वाचन पाहिलं नाही. बाई, पुढे काय लागेल ते सांगा." बाई म्हणाल्या, "आधी नळाला पाणी."

आता जागा पक्की होती, पण त्या जागेत चौतीस जनुक होते. एका घराण्यावरून त्यापुढे जाता येईना. दुसरं घराणं हवं होतं, त्याच आजाराचं, दुसऱ्या मुलखातलं. आणि तसं घराणं एका माणसाकडे होतं. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुख. आम्ही त्यांना फोटोवरून 'दाढीवाले' म्हणायचो. तेही हाच जनुक शोधत होते, त्यांच्याकडे चाळीस माणसं होती आणि आमच्याकडे दोन. सगळ्यांनी बाईंना बजावलं की आपली जागा त्यांना कळू देऊ नका, महिन्याभरात ते पुढे निघून जातील.

बाईंनी आमची सगळी मोजमापं पाकिटात घातली आणि सोबत पत्र लिहिलं. मी ते टाइप केलं, म्हणून पाठ आहे: 'आमची जागा पाठवत आहे. तुमची याच्याशी जुळते का पाहा. आमच्याकडे सतरापैकी सात मुलं हयात आहेत, त्यामुळे घाई आहे.'

"हे म्हणजे सगळा खेळ त्यांच्या हातात देणं झालं," मी म्हणालो.

"खेळ तुमचा असेल. भिंगरी आता सोळाची झाली. तिला चमच्याने भरवावं लागतं."

सहा आठवडे काहीच आलं नाही. मी रोज टपाल बघायचो आणि बाई बघत नसल्याचं दाखवायच्या. सातव्या आठवड्यात बर्फात गुंडाळलेली पेटी आली. आत बावीस नळ्या, त्यांच्या घराण्यातल्या प्रत्येकाच्या, आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी. दाढीवाल्यांनी लिहिलं होतं की त्यांची जागा दोन वर्षांपूर्वीच सापडली होती आणि त्यांनी ती लपवून ठेवली होती. 'तुमचं पत्र मी माझ्या लोकांना वाचून दाखवलं. आता आपण एकच प्रयोगशाळा आहोत असं समजा.'

दोन्ही घराण्यांच्या जागा एकावर एक ठेवल्या तेव्हा सामाईक तुकडा एवढासा उरला. चौतीसपैकी तीन जनुक. पहिले दोन निर्दोष निघाले. तिसऱ्यात आमच्या सातही मुलांमध्ये एकच चूक होती, आणि दाढीवाल्यांच्या मुलांमध्ये त्याच जनुकात, दुसऱ्या ठिकाणी, वेगळी चूक. बाईंनी ती पट्टी मला दाखवली. मग स्टूल ओढून त्यांनी तीच पट्टी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

तो जनुक काय करतो, हे कुठेतरी एका ओळीत छापलेलं होतं: एक जीवनसत्त्व पेशीत जाण्यासाठी जे बारीकसं दार असतं, ते हा जनुक बनवतो. बाईंनी दुपारी दाढीवाल्यांना फोन लावला. मी शेजारी होतो.

"दार मोडलंय असं नाही," बाई म्हणाल्या, "किलकिलं आहे. थोडं थोडं आत जातं, म्हणून पाच वर्षं निभतं. तापात शरीराला जास्त लागतं, तेव्हा पुरत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग दाढीवाले म्हणाले, "आणि बाहेर खूप गर्दी केली तर? पन्नासपट? किलकिल्या दारातूनही पुरेसं आत जाईल?"

ते जीवनसत्त्व कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळायचं. पिवळ्या गोळ्या, लहान मुलं तोंड आलं की चघळतात त्या.

परवानगी मोठ्या डॉक्टरांची लागणार होती. बाईंनी सगळे कागद त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी दोन तास वाचले, मधे चहा गार झाला. "तोंड आल्यावरच्या गोळीने हा आजार जाईल, असं तुमचं म्हणणं?"

"जाईल की नाही माहीत नाही. अपाय होणार नाही, एवढं माहीत आहे."

त्यांनी सही केली. "पण रोज सकाळी मी स्वतः तपासणार," म्हणाले.

त्याच आठवड्यात घराण्यातली एक पाच वर्षांची मुलगी पहिल्या तापानंतर पडायला लागून दाखल झाली होती. तिला आणि भिंगरीला शेजारशेजारच्या खाटा दिल्या. पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले तर धाकटीच्या खाटेवर कोणी नव्हतं. ती खिडकीच्या कठड्याला धरून उभी होती आणि खालच्या गाड्या मोजत होती. डॉक्टरांनी तिला उचललं नाही. आपल्या गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात पुढे केले, आणि ती सात पावलं चालून त्यांच्यापर्यंत आली. मग त्यांनी नर्सला सांगितलं, "तळघरात जा. बाईंना म्हणावं, हातातलं आहे ते टाका आणि वर या."

भिंगरीला वेळ लागला. इतक्या वर्षांत जे गेलं होतं ते सगळं परत येणार नव्हतं. पण तिसऱ्या आठवड्यात हाताचा कंप उतरला, दुसऱ्या महिन्यात तिने चमचा स्वतः धरला, आणि एका सकाळी आत्या भरवायला गेल्या तर ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "मीठ कमी आहे." आत्यांनी वाटी खाली ठेवली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मग म्हणाल्या, "नऊ वर्षांनी तोंड उघडलं ते नावं ठेवायला. घरचीच आहे." वर्षभरात भिंगरी काठी घेऊन चालायला लागली. पुढे ती शिकली. आज ती त्याच इस्पितळात, आजाराचं निदान झालेल्या घरांना काय ते समजावून सांगायचं काम करते. तिच्यासारखं कोणालाच जमत नाही.

आमचा लेख छापून आला तेव्हा बाईंचं नाव पहिलं होतं आणि दाढीवाल्यांचं शेवटचं, तेही त्यांच्याच आग्रहाने. वंशावळीच्या चित्रात थोरल्याचा चौकोन नव्हता. पण गोष्ट तिथे संपली नाही. आता साधी चाचणी निघाली होती. बिघडलेली एक प्रत आपल्यात आहे का, हे लग्नाआधी कळू शकत होतं. चाचणी कोणाकोणाची करायची ते वंशावळीवरून ठरायचं, आणि थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. तिच्या बापाचा हिशेब चुकीच्या आईबापांवरून मांडला जाऊ नये, म्हणून आत्यांनी थोरल्याला समोर बसवलं आणि सगळ्यांच्या देखत खरं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. माझे कान तुझ्यासारखे आहेत." नंतरही तो त्यांना आत्याच म्हणत राहिला. त्याच्या मुलीची चाचणी निर्दोष निघाली. या लिखाणात हे घालू का, असं मी आत्यांना विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "घाला. फक्त वहिनीचं चांगलं लिहा." वहिनी फार मोठ्या मनाची होती, एवढं लिहितो.

बाई प्राध्यापक झाल्या, विभागप्रमुख झाल्या. वर मोठी खोली मिळाली. ती इतकी गार होती की पेशी वाढेनात, म्हणून पेशी तळघरातच ठेवाव्या लागल्या. दाढीवाल्यांबरोबर त्यांनी आणखी चार आजारांचे जनुक शोधले. परिषदेत एकदा कोणीतरी त्यांना विचारलं, स्पर्धक प्रयोगशाळेशी इतकं मोकळं वागण्याचं धोरण कधी ठरवलंत. बाई म्हणाल्या, "धोरण कसलं, आम्ही दोघंच होतो. हात कमी पडत होते."

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीत कपाटं आवरायला मदत करत होतो, तेव्हा फोन वाजला. कुठल्यातरी लांबच्या गावातले तरुण डॉक्टर बोलत होते. आमचा लेख वाचून त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि आज सकाळी तो आपला आपण उठून बसला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कानाला फोन तसाच धरून त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मी वही आणि पेन पुढे सरकवलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आता सांगा. मुलाला भावंडं किती, आणि आईबापांचं एकमेकांशी नातं काय?"